जे औषध विकून पैसे मिळणार नाहीत, ते बनवायला पैसे कोण देतं?

इफ्लॉर्निथीन नावाचं एक औषध आहे. मुळात ते कर्करोगावर उपयोगी पडेल या आशेने तयार झालं, पण तिथे त्याचं फारसं जमलं नाही. मग लक्षात आलं की आफ्रिकेतल्या निद्रारोगावर ते उत्तम लागू पडतं. हा आजार त्से-त्से माशी चावल्यामुळे होतो. रोगाचे परजीवी मेंदूपर्यंत पोचले की माणूस दिवसा झोपतो, रात्री भटकतो, भ्रमिष्ट होतो आणि उपचार मिळाला नाही तर बहुतेक वेळा दगावतो. अशा अवस्थेतली माणसं या औषधाने उठून बसू लागली. तरीही १९९०च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. रुग्ण होते आणि गुणही येत होता, फक्त त्या रुग्णांच्या खिशात पैसे नव्हते.

२००० साली तेच रसायन पुन्हा बाजारात आलं. अमेरिकेत, बायकांच्या चेहऱ्यावरची नको असलेली लव कमी करणाऱ्या क्रीममध्ये.

पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी विषय लावून धरला, आणि २००१मध्ये निद्रारोगासाठीची इंजेक्शनं पुन्हा बनवून मोफत देण्याचा करार झाला. हे मी कंपनीला दोष द्यायला सांगत नाही. कंपनी भागधारकांच्या पैशावर चालते आणि ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो ती बनवत नाही, एवढं सरळ आहे. पण मग ज्याच्या आजाराला बाजारात भावच नाही, त्याच्यासाठी औषध बनवायचा खर्च कोणी करायचा? या प्रश्नाला मिळालेल्या एका उत्तराबद्दल हा लेख आहे, आणि त्यातही त्या कामाबद्दल, ज्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही: त्यासाठी पैसे मागत फिरण्याचं काम.

आधी नेहमीच्या औषधाचा पैसा कसा फिरतो ते पाहू. कंपनी दहा-बारा वर्षं संशोधनावर खर्च करते. त्या काळात हजारो रेणू, म्हणजे औषध होऊ शकतील अशी रसायनं, तपासली जातात, त्यातले बहुतेक बाद होतात आणि एखादा शेवटपर्यंत पोचतो. त्यावर पेटंट असतं, म्हणजे अर्ज केल्यापासून वीस वर्षं दुसऱ्या कोणाला तो बनवता येत नाही. या मक्तेदारीच्या काळात कंपनी किंमत स्वतः ठरवते, आणि त्या किंमतीत बाद झालेल्या सगळ्या रेणूंचा खर्चही वसूल होतो. म्हणजे आपण मेडिकलच्या दुकानात जे पैसे मोजतो त्यात फसलेल्या प्रयोगांचाही वाटा असतो. रुग्णाला परवडत असेल किंवा त्याचा विमा किंवा सरकार पैसे भरत असेल, तर ही व्यवस्था चालते.

आता रुग्ण काँगोच्या जंगलपट्ट्यातला शेतकरी आहे किंवा बिहारमधल्या मातीच्या घरात राहणारा भूमिहीन मजूर आहे असं समजा. साखळीचं शेवटचं टोकच निखळतं. पैसे परत येणार नाहीत म्हटल्यावर पहिला रुपयाही कोणी घालत नाही. २००२मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक हिशेब छापून आला होता: १९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगभरात १,३९३ नवी औषधं बाजारात आली, आणि त्यातली उष्णकटिबंधातले आजार आणि क्षयरोग मिळून सगळ्यांसाठी होती फक्त १६.

यातूनच २००३मध्ये जिनिव्हात 'ड्रग्ज फॉर निग्लेक्टेड डिसीजेस इनिशिएटिव्ह', म्हणजे दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधणारी ना-नफा संस्था, उभी राहिली. बोलताना सगळे तिला डीएनडीआय म्हणतात. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला १९९९चं शांततेचं नोबेल मिळालं, त्या रकमेतून ही कल्पना तपासून पाहण्याचं काम सुरू झालं. संस्थापकांमध्ये फ्रान्सची पाश्चर इन्स्टिट्यूट, ब्राझीलची ओस्वाल्दो क्रूझ फाउंडेशन, केनियाची वैद्यकीय संशोधन संस्था, मलेशियाचं आरोग्य मंत्रालय आणि आपली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, हेही आहेत. म्हणजे ही परदेशातून आलेली मदत म्हणून लांबून बघायची गोष्ट नाही. स्थापनेपासून यात भारताचा हात आहे.

या संस्थेचा स्वतःचा कारखाना नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. कंपन्यांच्या कपाटात पडून राहिलेले रेणू मागायचे, विद्यापीठांकडून तपासून घ्यायचे, रोग जिथे आहे तिथल्या डॉक्टरांबरोबर माणसांवरच्या चाचण्या करायच्या आणि शेवटी एखाद्या उत्पादकाला ते औषध परवडणाऱ्या भावात बनवायला तयार करायचं. सूत्र हातात ठेवायचं आणि बाकी सगळं जोडून घ्यायचं. कंपनी रेणू देते, तज्ज्ञ देते, कधी कारखान्यातला वेळ देते. रोख पैसा मात्र बाहेरून आणावा लागतो, आणि तो आणण्याची जबाबदारी निधी उभारणी पाहणाऱ्या माणसावर असते.

निधी उभारणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पावतीपुस्तक येतं. मीही ते घेऊन फिरले आहे. विदर्भातल्या एका छोट्या आरोग्यसंस्थेसाठी मी काही वर्षं देणग्या गोळा करत होते. तिथे एक गोष्ट पक्की कळली: देणगीदाराला दिसणारी वस्तू हवी असते. ॲम्ब्युलन्स म्हटलं की लोक पुढे येतात, तिच्या दारावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवता येतं. ड्रायव्हरच्या पगारावर कोणाचं नाव रंगवणार? त्या पगारासाठी मी अक्षरशः दारोदार हिंडले आहे. औषध संशोधनात ही अडचण शंभर पटींनी वाढते, कारण तिथे दाखवायला ॲम्ब्युलन्ससुद्धा नसते. एक रेणू असतो आणि तो बहुधा बाद होणार असतो.

पैसे येतात कुठून? मोठा वाटा सरकारांचा. ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स यांच्या विकास-मदत खात्यांकडून किंवा संशोधन मंत्रालयांकडून. खासगी बाजूने गेट्स फाउंडेशन, ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट आणि अर्थात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'. जपानमध्ये २०१३पासून 'जीएचआयटी' नावाचा निधी आहे. त्यात जपान सरकार, जपानी औषध कंपन्या आणि गेट्स फाउंडेशन एकत्र पैसे घालतात, आणि अट अशी की संशोधनात जपानी भागीदार असला पाहिजे. जगभरातून सर्व दुर्लक्षित आजारांच्या संशोधनाला वर्षाला साधारण चार अब्ज डॉलर मिळतात, पण त्यातला बराच मोठा हिस्सा एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरिया या तिघांकडे जातो. काळा आजार (वाळूमाशी चावल्याने पसरणारा, बिहारमध्ये आढळणारा), निद्रारोग, चागास, मायसेटोमा यांच्या वाट्याला उरलेलं.

या पैशाचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक कळला की निम्मा विषय कळला. एक नेमून दिलेला पैसा: हा अमुक आजारासाठी, अमुक देशात, अमुक चाचणीसाठीच वापरायचा. दुसरा मोकळा पैसा: तुमच्या कामावर विश्वास आहे, गरज असेल तिथे वापरा. पहिला मिळवणं तुलनेने सोपं. दुसरा मिळवण्यात खरी कसोटी.

मोकळ्या पैशाने काय होतं, ते बोलिव्हियातल्या एका चाचणीवरून सांगते. चागास हा लॅटिन अमेरिकेतला आजार. भिंतींच्या फटीत राहणाऱ्या एका किड्यामुळे तो होतो आणि वीस-तीस वर्षांनी हृदय निकामी करतो. त्यावरची जुनी औषधं लांबलचक आणि त्रासदायक. जपानच्या ईसाई कंपनीकडे बुरशीवरचा एक रेणू होता, त्याला तेव्हा ई-१२२४ म्हणत. तो चागासवर चालेल असं वाटलं आणि बोलिव्हियात २३१ रुग्णांवर चाचणी झाली. उपचार चालू असेपर्यंत परजीवी रक्तातून नाहीसे झाले आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. वर्षभराने तपासलं तर बहुतेकांच्या रक्तात ते परत आले होते. २०१३मध्ये निकाल जाहीर झाला: हा रेणू एकट्याने चागासवर पुरेसा नाही.

आता निधी उभारणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या सरकारी खात्याने, ज्या फाउंडेशनने पैसे दिले, त्यांना तुम्हाला कळवायचं आहे की चाचणी नीट पार पडली, पैसा एक-एक हिशेबाने खर्च झाला आणि उत्तर 'नाही' असं आलं. आपल्याकडे अनुदान संपलं की उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात 'ज्या कारणासाठी दिलं त्यासाठीच वापरलं' असं लिहितात. पण 'उपयोग झाला का' या रकान्यात काय लिहाल? चांगला निधीप्रमुख हे 'नाही' असं आलेलं उत्तर लपवत नाही. पैसे मागतानाच तो सांगून ठेवतो की दहापैकी बहुतेक रेणू बाद होतील, आणि तुम्ही पैसे देताय ते त्यातून योग्य उत्तर मिळावं म्हणून. ही गोष्ट अनुदानाच्या पहिल्या बैठकीत सांगितली तर ती प्रामाणिकपणा ठरते. निकालाच्या दिवशी सांगितली तर सबब वाटते.

त्या रेणूची कथा तिथे संपली नाही. मायसेटोमा हा पायाला होणारा एक भयंकर आजार आहे. आपल्याकडे त्याला 'मदुरा फूट' म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकात मदुराईत तो नोंदला गेला. अनवाणी चालताना काटा रुतला की बुरशी आत शिरते, पाय सुजतो, छिद्रं पडून काळे दाणे बाहेर येतात आणि शेवटी अनेकदा पाय कापावा लागतो. सर्वांत जास्त रुग्ण सुदानमध्ये, आणि खार्तूममधलं मायसेटोमा संशोधन केंद्र हे या आजाराचं जगातलं प्रमुख ठिकाण. ई-१२२४ मुळात बुरशीवरचंच औषध, मग ते इथे का वापरून पाहू नये? त्याच रेणूची, आता फॉसरावुकोनॅझोल या नावाने, खार्तूममध्ये २०१७पासून चाचणी झाली. जुनं इट्राकोनॅझोल वर्षभर रोज घ्यावं लागतं आणि महाग पडतं. हे आठवड्यातून एकदा घ्यायचं. चाचणीत ते इट्राकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं नाही, पण रुग्णांना सोसलं, आणि शेतावर राबणाऱ्या माणसासाठी आठवड्याला एकदाच गोळ्या घ्यायच्या असणं ही मोठी सोय आहे. मायसेटोमावर अशी शास्त्रशुद्ध तुलनात्मक चाचणी त्याआधी झालीच नव्हती. २०२३च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि पुढे ते संशोधन केंद्र उद्ध्वस्त झालं.

चागाससाठी नेमून दिलेला पैसा मायसेटोमावर वापरता येत नाही. आणि मायसेटोमासाठी वेगळा देणगीदार शोधायचा तर, ज्या आजाराचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नाही त्यासाठी, शोधून शोधून तो किती मिळणार? अशा वेळी मोकळा पैसा कामी येतो. संस्थेच्या धोरणातच लिहिलेलं आहे की नेमून दिलेल्या देणग्या शक्य तितक्या कमी ठेवायच्या, सरकारी आणि खासगी निधीचा तोल राखायचा, आणि कोणत्याही एका देणगीदाराचा वाटा एकूण देणग्यांच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही.

शेवटचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. निधीप्रमुखाच्या दृष्टीने तो अवघड आहे, कारण एखादा मोठा देणगीदार आणखी द्यायला तयार असतानाही, बाकीच्यांकडून तेवढं आणल्याशिवाय ते घेता येत नाही. पण एकाच्याच पैशावर संस्था उभी असेल तर कोणत्या आजारावर काम करायचं हेही तोच ठरवणार. त्या एकाने हात आखडता घेतला की दुसऱ्या दिवशी चाचण्या बंद. ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनने २०२१मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली आणि अनेक आरोग्य प्रकल्पांचे पैसे मध्येच थांबले. २०२५मध्ये तर अमेरिकेची यूएसएड ही संस्थाच बंद झाली. रुग्णावर चालू असलेली चाचणी मध्येच सोडता येत नाही. ज्याला आज गोळी दिली त्याला दीड-दोन वर्षं तपासत राहावं लागतं. सरकारं मात्र एका वेळी तीन किंवा पाच वर्षांपुरता शब्द देतात, आणि औषधाला दहा-पंधरा वर्षं लागतात. एका औषधाच्या जन्मात किती निवडणुका आणि किती अर्थमंत्री येऊन जातात, मोजून पाहा. प्रत्येक बदलानंतर निधीप्रमुखाने नव्या माणसाला तीच गोष्ट पहिल्यापासून पटवायची.

रक्कम किती लागते? डीएनडीआयने आपल्या पहिल्या पंधरा वर्षांचा हिशेब मांडला होता. आधीपासून असलेल्या औषधांची नवी जोडणी किंवा सुधारित रूप तयार करायला ४० लाख ते ३ कोटी २० लाख युरो. पूर्णपणे नवा रेणू औषध म्हणून उभा करायला, वाटेत बाद झालेल्यांचा खर्च धरून, ६ ते १९ कोटी युरो. म्हणजे शेकडो कोटी रुपये, आणि वरच्या टोकाला हजार-दीड हजार कोटींच्याही पुढे. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत वारंवार सांगितला जाणारा अमेरिकेतला अंदाज आहे एका औषधामागे २६० कोटी डॉलरचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'बघा, किती स्वस्तात होतं' असं म्हणायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. कंपनीच्या आकड्यात गुंतवलेल्या भांडवलावरचं व्याजही धरलेलं असतं, आणि इकडे कंपन्यांनी फुकट दिलेला माल, रेणू आणि तज्ज्ञांचा वेळ धरलेला नसतो. तरीही फरक उरतोच.

आणि आता मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. औषधाचा संशोधन-खर्च आधीच देणग्यांमधून भागला असेल तर तो गोळीच्या किंमतीतून वसूल करावा लागत नाही. मग किंमत ठरते ती फक्त बनवायला किती पैसे लागतात त्यावर. २००७मध्ये डीएनडीआयने सनोफी कंपनीबरोबर मलेरियावरची दोन औषधं एका गोळीत आणली. तिच्यावर पेटंट घेतलं नाही आणि मोठ्या माणसाच्या पूर्ण उपचाराचा भाव एक डॉलरच्या आत, लहान मुलाचा अर्ध्या डॉलरच्या आत ठेवला. त्यामुळे निधीप्रमुख जेव्हा हेग किंवा बर्नमधल्या एखाद्या अधिकाऱ्यासमोर बसून पैसे मागतो, तेव्हा त्याच टेबलावर वीस वर्षांनंतर कोणा मजुराला गोळी केवढ्याला पडणार हे ठरत असतं. नेहमीच्या औषधात पेटंट जे काम करतं, ते इथे देणगी करते. म्हणूनच चांगला निधीप्रमुख पैसे मागताना शास्त्रज्ञांना आणि वकिलांनाही सोबत बसवतो: कंपनीशी करारात भाव काय, गरीब देशांत हक्क कोणाचे, दुसऱ्या उत्पादकाला तंत्रज्ञान देता येईल का, हे सगळं देणगीदाराला दाखवावं लागतं.

बाजारालाच थोडं या बाजूला वळवण्याचेही प्रयत्न झाले. अमेरिकेने २००७मध्ये कायदा केला की दुर्लक्षित आजारावर नव्या औषधाला मंजुरी मिळवणाऱ्याला एक 'व्हाउचर' मिळेल. ते दाखवून दुसऱ्या कोणत्याही औषधाची तपासणी लवकर करून घेता येते, आणि ते विकताही येतं. काळा आजारावरच्या मिल्टेफोसिनला २०१४मध्ये असं व्हाउचर मिळालं आणि ते साडेबारा कोटी डॉलरला विकलं गेलं. पण ते औषध भारतात २००२पासूनच मंजूर होतं आणि त्याच्या विकासात सरकारी पैसा आणि आयसीएमआरच्या चाचण्यांचा मोठा वाटा होता. बक्षीस घेणाऱ्यावर औषध गरिबांना परवडेल अशा भावात देण्याची अट नव्हती. त्यावर खूप टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. उलट उदाहरणही आहे. निद्रारोगावरच्या फेक्सिनिडॅझोलला २०२१मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा व्हाउचर डीएनडीआयच्या नावे मिळालं, आणि त्यातून होणारा लाभ सनोफीबरोबर वाटून घेऊन पुढच्या कामात घालायचं ठरलं.

फेक्सिनिडॅझोलची कथा देणगीदारांना नेहमी सांगितली जाते, आणि सांगण्यासारखीच आहे. निद्रारोगाच्या शेवटच्या अवस्थेत पूर्वी मेलार्सोप्रोल देत. हे आर्सेनिकपासून बनवलेलं औषध आहे, आणि त्या औषधानेच वीसपैकी एक रुग्ण दगावायचा. २००९मध्ये इफ्लॉर्निथीन आणि निफुर्टिमॉक्स यांची जोडी आली. ती सुरक्षित होती, पण त्यासाठी दवाखान्यात ठेवून शिरेतून चौदा सलाइन लावावे लागत, आणि काँगोच्या आतल्या गावांत सलाइनच्या पेट्या पोचवणं हेच मोठं काम. फेक्सिनिडॅझोल हा हेक्स्ट या जर्मन कंपनीने फार पूर्वी बाजूला ठेवलेला रेणू. २००५मध्ये जुने शेकडो रेणू चाळताना तो सापडला. चाचणी घ्यायची तर काँगोतल्या दवाखान्यांत आधी वीज आणावी लागली, जनरेटर आणि सौर पॅनेल बसवावे लागले, परिचारिकांना प्रशिक्षण द्यावं लागलं. देणगीतला कितीतरी पैसा अशा गोष्टींवर गेला ज्यांचा रसायनशास्त्राशी काही संबंध नाही. २०१८मध्ये युरोपच्या औषध नियामकाने अनुकूल मत दिलं. आता दहा दिवस तोंडाने गोळ्या घ्यायच्या. पुढचं औषध ॲकोझिबोरोल एकाच वेळी तीन गोळ्यांचं आहे.

भारतात अशा कामासाठी पैसा उभा करायचा तर चित्र वेगळं दिसतं. २०१४पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण हा सीएसआरचा पैसा बहुधा शाळा, शौचालयं, दवाखान्यातली यंत्रं अशा एका आर्थिक वर्षात दिसणाऱ्या गोष्टींकडे जातो. मार्चअखेर दाखवता येईल असं काही रेणूजवळ नसतं. परदेशातून पैसा घ्यायचा तर एफसीआरए कायदा आहे. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे पाठवता येत नाही आणि प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. औषध संशोधन तर चालतंच अनेक संस्थांच्या साखळीने, त्यामुळे प्रत्येक कडीला स्वतंत्र परवानगी आणि स्वतंत्र देणगी शोधावी लागते.

तरी आपल्याकडची उदाहरणं कमी नाहीत. पॅरोमोमायसिन हे १९५०च्या दशकातलं, नंतर मागे पडलेलं प्रतिजैविक. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'वनवर्ल्ड हेल्थ' या ना-नफा संस्थेने ते काळा आजारासाठी पुन्हा हाती घेतलं. पैसा मुख्यतः गेट्स फाउंडेशनचा. बिहारमध्ये ६६७ रुग्णांवर चाचणी झाली, सुमारे ९५ टक्के बरे झाले, २००६मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली, आणि हैदराबादच्या ग्लँड फार्माने ते बनवायचं ठरलं. एका उपचाराचा खर्च दहा डॉलरच्या आसपास असावा हे उद्दिष्ट पहिल्यापासून कागदावर होतं. मुंबईच्या सिप्लाने डीएनडीआयबरोबर एचआयव्ही असलेल्या लहान मुलांसाठी चार औषधं एकत्र असलेले, स्ट्रॉबेरीच्या चवीचे दाणे बनवले. आधीच्या कडवट पातळ औषधात चाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असायचं आणि ते फ्रिजमध्ये ठेवावं लागायचं. ज्या आईच्या घरी फ्रिज नाही, तिने काय करायचं? नव्या दाण्यांना २०२२मध्ये दक्षिण आफ्रिकेत मंजुरी मिळाली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आता डेंग्यूवरच्या उपचारासाठी त्याच संस्थेबरोबर काम करते आहे. डेंग्यूही जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत आहे, हे डेंग्यूची साथ पाहिलेल्या आपल्या शहरांतल्या माणसांना कदाचित खरं वाटणार नाही.

निधी उभारणीतला सर्वांत विचित्र पेच यश मिळाल्यावर येतो. भारतात २००७मध्ये काळा आजाराचे ४४ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. २०२३पर्यंत वर्षाचा आकडा हजाराच्याही खाली आला. वाळूमाशीवरची फवारणी, झटपट तपासणी, एकाच सलाइनमध्ये देता येणारं ॲम्फोटेरिसिन, आशा कार्यकर्त्यांची घरोघर पाहणी, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. निद्रारोगाचंही तसंच: १९९८मध्ये जवळजवळ चाळीस हजार रुग्ण, आणि २०१८पासून वर्षाला हजारपेक्षा कमी. असे आकडे घेऊन तुम्ही देणगीदाराकडे गेलात की तो मनापासून अभिनंदन करतो आणि विचारतो, "मग आता पैसे कशाला?"

उत्तर आहे पीकेडीएल. काळा आजारातून बरं झालेल्या काही जणांच्या अंगावर, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी, फिकट चट्टे किंवा गाठी येतात. ताप नसतो, वेदना नसतात, माणूस शेतावर जातो, जेवतो, झोपतो. त्याला वाटतं, असेल काहीतरी कातडीचं, आणि तो डॉक्टरकडे जात नाही. पण त्या चट्ट्यांमध्ये परजीवी जिवंत असतात आणि त्याला चावलेली वाळूमाशी ते पुढे नेऊ शकते. उपचार म्हणजे मिल्टेफोसिनच्या बारा आठवडे गोळ्या. गरोदरपणात त्या चालत नाहीत, उलट्या होतात, काहींच्या डोळ्यांना त्रास होतो. ज्याला काही दुखतच नाही तो तीन महिने हे कशासाठी सोसेल? म्हणून आणखी छोटा, आणखी सौम्य उपचार शोधायला हवा, आणि ज्या रुग्णांची संख्या आता काही शेच उरली आहे त्यांच्यासाठी तो शोधायला हवा. पाटण्यातल्या आयसीएमआरच्या संस्थेत आणि मुझफ्फरपूरच्या दवाखान्यांत या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आहेत. त्यांच्या पुढच्या चाचणीचे पैसे मागायला कोणीतरी पुन्हा एकदा दार वाजवणार आहे, आणि त्याच्या हातातल्या कागदावर आजाराचा आलेख जवळपास शून्याला टेकलेला असेल.